छायाचित्रातील अक्षरे आणि संगणकाची दृष्टी

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाची संहिता)



पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या कोणत्याही संस्थेचे कपाट उघडले, तर त्यात साधारणतः एकाच प्रकारची संपत्ती आढळते. टंकलिखित इतिवृत्ते, जांभळ्या कार्बनने उमटलेल्या पावत्यांच्या स्थळप्रती, सायक्लोस्टाईल केलेली सभेची सूचनापत्रे, न्यास नोंदणी कार्यालयाचे उतारे, आणि तळाशी कोणी कशासाठी ठेवली हे आता कोणालाच न आठवणारी एखादी फाईल. कार्बन फिका पडत चाललेला असतो, टाचण्यांचा गंज कागदात उतरलेला असतो. अशा वेळी एखादा उत्साही तरुण कार्यकर्ता पुढे येतो, दोन रविवार खर्ची घालून मोबाईलने प्रत्येक पानाचे छायाचित्र काढतो आणि 'सगळे दप्तर संगणकावर चढविले' असे सांगतो. विश्वस्तांना समाधान वाटते, कार्यकर्त्याचा सत्कारही होतो. पुढे एखाद्या दिवशी लेखापरीक्षक विचारतात की, पाठशाळेच्या जागेबाबतचा ठराव नेमक्या कोणत्या सभेत झाला? तेव्हा लक्षात येते की, ती हजार-बाराशे छायाचित्रे एकेक उघडून पाहण्याखेरीज इलाज नाही. पूर्वी कपाटात शोधावे लागत होते, आता संगणकात शोधावे लागते, एवढाच फरक पडला. दप्तर संगणकात गेले खरे, परंतु ते संगणकाच्या वाचनात आले नाही.

छायाचित्रातील अक्षरांना शोधता येण्याजोगा, दुरुस्त करता येण्याजोगा मजकूर बनविण्याची विद्या हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. इंग्रजीत तिला संक्षेपाने 'ओसीआर' म्हणतात. मराठीत 'प्रकाशीय अक्षर-ओळख' असा शब्द योजता येईल.

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र हा केवळ रंगीत ठिपक्यांचा पट असतो. बारा मेगापिक्सेलच्या मोबाईलने काढलेल्या एका छायाचित्रात सुमारे १ कोटी २० लाख ठिपके असतात आणि कोणत्या जागी कोणता रंग आहे, एवढेच संगणकाला ठाऊक असते. सभागृहात कापडाच्या व्यवसायातील मंडळी बरीच आहेत. त्यांना हा भेद चटकन उमजेल. छापील बुट्टी आणि विणलेली बुट्टी दुरून सारखीच दिसते. परंतु छापील बुट्टीत धाग्याला बुट्टीची खबरच नसते. रंग वरून बसलेला असतो. विणलेल्या बुट्टीत मात्र कोणता धागा कोठे वर यायचा, हे आधीच ठरलेले असते. छायाचित्रातील 'ठराव' हा शब्द छापील बुट्टीसारखा आहे. टंकित मजकुरातील 'ठराव' विणलेला आहे, कारण तेथे प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक असतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. १९९१ साली या प्रणालीची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासूनच तीत देवनागरीचा समावेश आहे. दोन हजार अक्षरचिन्हांचे एक मराठी पान अशा रीतीने साठविले, तर सहा हजार बाइट पुरतात. त्याच पानाच्या छायाचित्राला तीस-चाळीस लाख बाइट लागू शकतात, आणि तरीही त्यातून एक नाव शोधून मिळत नाही.

या विद्येचा उगम कचेरीच्या सोयीतून झाला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिच्या आरंभी दृष्टिहीनांची गरज उभी आहे. फूर्निए द'आल्ब या भौतिकशास्त्रज्ञाने १९१४ च्या सुमारास 'ऑप्टोफोन' नावाचे यंत्र सिद्ध केले. छापील ओळीवरून ते सरकविले असता अक्षराच्या आकारानुसार वेगवेगळे सूर निघत आणि दृष्टिहीन वाचकाने ते सूर ओळखून अक्षर जाणावयाचे असे. चिकाटी अर्थातच यंत्रापेक्षा वाचकाचीच अधिक लागे. पुढे अमेरिकेत डेव्हिड शेपर्ड यांनी १९५१ साली टंकलिखित अक्षरे ओळखणारे यंत्र तयार केले आणि त्याच दशकात व्यापारी कंपन्यांनी ते तंत्र उचलले. त्या काळची यंत्रे मोठी हट्टी होती. ठरावीक वळणाचा छाप असेल तरच वाचीत. यास्तव यंत्रालाही आणि माणसालाही वाचता येईल असे खास वळण घडवावे लागले. एड्रियन फ्रुटिगर या अक्षररेखनकाराने १९६८ साली सिद्ध केलेले 'ओसीआर-बी' हे वळण आजही पारपत्राच्या तळाशी असलेल्या दोन ओळींत पाहावयास मिळते. धनादेशाच्या तळपट्टीवरील अंक ही त्याचीच एक चुलत शाखा. तेथे शाई चुंबकीय असते आणि यंत्र तिचे चुंबकत्व वाचते.

कोणत्याही वळणाचा छाप वाचून तो मोठ्याने उच्चारणारे यंत्र रे कर्झवाईल यांनी १९७६ साली लोकांपुढे आणले, आणि तेही दृष्टिहीनांसाठीच. ही गोष्ट आज मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, हल्ली सभेची सूचना, पुण्यतिथीचा कार्यक्रम, एवढेच काय पण रक्तदान शिबिराचा पत्ताही चित्राच्या स्वरूपात व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविण्याची प्रथा पडली आहे. सुंदर किनार, फुलांची महिरप आणि मध्ये मजकूर! समाजातील ज्या वृद्धांची दृष्टी मंदावली आहे, त्यांचे फोन मराठी मजकूर वाचून दाखवू शकतात. परंतु चित्र आले की फोन केवळ 'चित्र' एवढेच सांगतो आणि गप्प होतो. तो मजकूर चित्राखाली साध्या अक्षरांत पुन्हा लिहिण्यास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे कोणी देत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

आता संगणक अक्षर ओळखतो कसे, ते थोडक्यात पाहू. प्रथम चित्र सरळ केले जाते. नंतर रंग काढून टाकून केवळ काळे आणि पांढरे असे दोनच भाग उरविले जातात. कोणत्या छटेपर्यंत काळे मानावे, ही सीमा ठरविण्याची जी रीत आजही सर्वत्र वापरात आहे, ती नोबुयुकी ओत्सु या जपानी अभियंत्याने १९७९ साली मांडली. पुढे ओळी सुट्या होतात, ओळींतून शब्द, शब्दांतून अक्षरे.

इंग्रजीत अक्षरे मुळातच सुटी असतात. देवनागरीत ती शिरोरेषेला टांगलेली असतात, दांडीवर कपडे वाळत घालावे तशी. म्हणून देवनागरीसाठी काम करणाऱ्या संशोधकांनी प्रथम शिरोरेषाच शोधून काढली. शब्दाच्या चित्रातील प्रत्येक आडव्या पट्टीत काळे ठिपके किती हे मोजले, की जेथे ते सर्वाधिक तेथे शिरोरेषा. ती तेवढी पुसली की अक्षरे सुटी होतात. वर मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये मूळ अक्षर असे तीन मजले पडतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९९० च्या दशकात बंगाली आणि देवनागरी या दोन्ही लिपींसाठी असे मोलाचे काम झाले. परंतु या युक्तीत एक गंमतीदार अडचण आहे. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' या जोड्यांतील फरक कोठे असतो? डोक्यावरील रेषा पूर्ण आहे की तुटलेली आहे, प्रामुख्याने यातच! म्हणजे अक्षरे सुटी करण्यासाठी जी रेषा पुसली, तिच्याचबरोबर ओळखही पुसली जाण्याचा धोका. फिक्या छपाईत 'मान' चे 'भान' आणि 'धन' चे 'घन' होते, ते यामुळेच. आणि हे चारही शब्द कोशात असल्यामुळे शब्दकोशाशी ताडून पाहिले तरी चूक हाती लागत नाही.

हल्लीची साधने अक्षरे अशी सुटी करीत बसत नाहीत. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८५ ते १९९४ या काळात 'टेसेरॅक्ट' नावाची अक्षर-ओळख प्रणाली घडली. २००५ साली ती सर्वांसाठी खुली करण्यात आली, २००६ पासून गूगलने तिच्या विकासास हातभार लावला, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती संपूर्ण ओळ एका दमात वाचणाऱ्या कृत्रिम मज्जाजालावर चालते. मराठी, हिंदी, संस्कृत आणि गुजराती यांसाठी तिच्यात स्वतंत्र व्यवस्था आहे. ओळ एका दमात वाचणे म्हणजे सवयीने वाचणे होय. आधीच्या-नंतरच्या अक्षरांवरून मधले अक्षर कोणते असावे, याचा अंदाज बांधला जातो. माणूसही असेच वाचतो. मात्र माणूस अडला की 'येथे लागत नाही' असे म्हणतो. यंत्र सहसा असे म्हणत नाही. शाई उडालेल्या जागी ते शोभेल असा शब्द बसवून मोकळे होते आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. जुने यंत्र चुकले की मजकुराचा चिखल होई आणि चूक दुरूनही दिसे. नवे यंत्र सभ्यपणे चुकते.

यंत्राला जेथे हार मानावी लागली, तेथे माणसांची मदत कशी घेतली गेली, याचाही उल्लेख करावयास हवा. संकेतस्थळावर प्रवेश करताना वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहावी लागत, ते अनेकांना आठवत असेल. लुईस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली त्यात एक योजना केली. दाखविल्या जाणाऱ्या दोन शब्दांपैकी एक शब्द जुन्या छापील मजकुरातून घेतलेला, यंत्राला न वाचता आलेला असे. अशा रीतीने न्यूयॉर्क टाइम्सच्या जुन्या अंकांतील अडलेले शब्द जगभरच्या लोकांनी, नकळत आणि विनामोबदला, वाचून दिले.

साधनांविषयी लोकांचा समज असा असतो की, यासाठी काहीतरी विकत घ्यावे लागेल. तसे नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००३ च्या आवृत्तीतही कागद वाचणारे एक उपसाधन होते. फारच थोड्यांनी ते कधी उघडले आणि २०१० च्या आवृत्तीपासून ते वगळण्यात आले. वननोटमध्ये २००७ पासून चित्रावर उजवी कळ दाबून त्यातील मजकूर उचलण्याची सोय आहे. विंडोज ११ मधील 'स्निपिंग टूल' या साधनात २०२३ पासून ही सोय आली. छायाचित्र पडद्यावर उघडावे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ, शिफ्ट आणि 'एस' या तीन कळा एकत्र दाबाव्यात. हवा तेवढा भाग चौकटीत घ्यावा. कोपऱ्यात आलेल्या सूचनेवर कळ दाबली की साधन उघडते. तेथे 'टेक्स्ट अ‍ॅक्शन्स' हे चिन्ह निवडले की अक्षरे उजळतात आणि सर्व मजकूर उचलून नोटपॅड किंवा वर्डमध्ये ठेवता येतो. याच साधनात दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेल पत्ते काळे करून झाकण्याचीही सोय आहे. अ‍ॅपलच्या संगणकांवर आणि फोनवर २०२१ पासून छायाचित्रातील अक्षरांवर थेट बोट किंवा बाण फिरवून ती निवडता येतात. या साधनांची मूळ बैठक इंग्रजी आणि तत्सम लिपींची आहे. मराठी पान त्यांच्या हाती सोपविण्यापूर्वी दोन ओळींची परीक्षा अवश्य घ्यावी.

देवनागरीसाठी घरबसल्या वापरता येणारा मार्ग म्हणजे गूगल ड्राईव्ह. छायाचित्र तेथे ठेवावे, त्यावर उजवी कळ दाबून ते 'गूगल डॉक्स' ने उघडावे. नव्या पानावर वर मूळ चित्र आणि खाली वाचलेला मजकूर अशी मांडणी मिळते. त्यामुळे तपासणीही तेथल्या तेथे करता येते. फोनवरील गूगल लेन्सही हेच काम करते आणि उचललेला मजकूर संगणकावर पाठविण्याची सोय तिच्यात २०२० पासून आहे.

अर्थात कच्चा माल वाईट असेल, तर रंगारी काय करणार? छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढावे, फ्लॅश वापरू नये. कागद सपाट असावा आणि फोन त्याला समांतर धरावा. अक्षरांची उंची चित्रात किमान दहा ठिपके तरी भरावी, असे गूगलचेच सांगणे आहे. स्कॅनर उपलब्ध असल्यास इंचास तीनशे ठिपके हे प्रमाण ठेवावे. पातळ कागदावर मागील बाजूची अक्षरे उमटून दिसत असतील, तर पानामागे काळा कागद ठेवावा. बांधीव रजिस्टराच्या शिवणीजवळ ओळ वाकते, तेथे यंत्र हमखास अडखळते. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले छायाचित्र वापरणे. त्या मार्गाने चित्र साध्या रीतीने पाठविले की ते आकसते आणि अक्षरांच्या कडा फुटतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविले तर मूळ प्रत जशीच्या तशी पोहोचते.

व्यापारी बंधूंसाठी आता थोडे अधिक विस्ताराने. सुरतेहून, इचलकरंजीहून, भिवंडीहून आलेल्या बिलांची छायाचित्रे काढून त्यांतील आकडे हिशेबाच्या प्रणालीत चढविण्याची पद्धत आता सर्वदूर पोहोचली आहे. येथे यंत्राची चूक अक्षराची राहत नाही, ती पैशाची होते. जीएसटी क्रमांकच पाहावा. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या व्यवस्थेतील पंधरा चिन्हांच्या क्रमांकात अक्षरे आणि अंक एकमेकांत गुंफलेले आहेत. यंत्राला इंग्रजी 'ओ' आणि शून्य, 'आय' आणि एक, 'एस' आणि पाच, 'झेड' आणि दोन यांच्यात नेहमीच घोटाळा वाटतो. परंतु या क्रमांकाची वीणच अशी आहे की, चूक पकडता येते. पहिली दोन स्थाने राज्याची, महाराष्ट्रास २७, गुजरातेस २४. पुढील दहा स्थाने पॅनची. त्यांत प्रथम पाच अक्षरे, नंतर चार अंक, शेवटी एक अक्षर. चौदावे स्थान सामान्यतः 'झेड' चे असते, आणि पंधरावे चिन्ह आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. तेव्हा अंकांच्या चार घरांत 'ओ' दिसला तर तो शून्यच असला पाहिजे, हे यंत्राला कळो न कळो, दुकानातील मुनीमजींना कळलेच पाहिजे.

रकमांचेही तसेच. बिलावर ४२.५० मीटर, दर ११८, रक्कम ५,०१५ असे असेल आणि दशांशचिन्ह फिके असेल, तर साडेबेचाळीस मीटरचे सव्वाचार हजार मीटर होतात. गुणाकार करून पाहिला की लबाडी उघड होते. कोष्टकाच्या उभ्या रेषा पुसट असतील, तर यंत्र दोन रकाने एकत्र वाचते आणि दराच्या जागी एचएसएन क्रमांक येऊन बसतो; सुती कापडाच्या बिलात दर एकदम पाच हजार दोनशे आठ दिसू लागला, तर घाबरून न जाता शेजारचा रकाना पाहावा. जुन्या पेढ्यांवर दिवसाअखेरीस रुजुवात घातल्याशिवाय वही मिटत नसत. यंत्राने वाचलेल्या कागदास ती रीत अधिकच लागू आहे. एकाने मूळ कागद हाती घ्यावा, दुसऱ्याने पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचावा, आणि आकडे 'एकशे पंचवीस' असे न वाचता 'एक-दोन-पाच' असे सुटे वाचावेत.

ही सावधगिरी अनाठायी नाही, हे दाखविणारी एक घटना २०१३ साली जर्मनीत घडली. डेव्हिड क्रिझेल या संगणकशास्त्रज्ञाच्या निदर्शनास आले की, एका बांधकाम नकाशाची झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केलेली प्रत मूळाशी जुळत नाही. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, १७.४२ आणि २१.११ चौरस मीटर होती. प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या होत्या! अक्षर पुसट नव्हते, फाटले नव्हते. आकडा स्वच्छ, सुबक आणि चूक होता. कारण असे होते की, जागा वाचविण्यासाठी ते यंत्र एकमेकांसारखे दिसणारे आकार शोधून त्यांपैकी एकच साठवीत असे आणि बाकीच्या ठिकाणी तोच पुन्हा चिकटवीत असे. कंपनीने पुढे सुधारित आज्ञावली दिली. हे ओसीआर नव्हते, केवळ छायांकन होते. तरीही यातून एक गोष्ट विश्वस्तांनी ध्यानी घ्यावी: कागद स्कॅन झाला म्हणून मूळ कागद रद्दीत देण्याची घाई करू नये. मालमत्तेचे, नोंदणीचे आणि देणग्यांचे मूळ कागद जपलेच पाहिजेत.

याच्या उलट, छापील प्रतच संगणकातील प्रतीची तारणहार ठरते, असाही एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी स्मरणिका, अहवाल, पत्रिका या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत जुळविल्या जात. त्या फॉन्टांच्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक नव्हता. इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. आज ती फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांची निरर्थक पेरणी दिसते. मजकूर आहे, पण त्याची किल्ली हरवली आहे. अशा वेळी कपाटातील छापील स्मरणिका काढावी, पाने नीट स्कॅन करावीत, त्यांतील मजकूर ओसीआरने उचलावा. तो थेट युनिकोडमध्ये येतो आणि कोणत्याही संगणकावर, फोनवर वाचता येतो. छपाई स्वच्छ असल्यामुळे चुकाही मोजक्याच राहतात; अनुस्वार, रफार आणि 'दुसऱ्या' सारख्या शब्दांतील हिंदीला अपरिचित असलेला 'र' एवढी स्थळे विशेष तपासावीत. भाषा निवडण्याची सोय असेल तेथे हिंदीऐवजी मराठीच निवडावी. जुन्या स्मरणिकांतील देणगीदारांच्या याद्या, दिवंगतांचे परिचय, पाठशाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांची नावे या मार्गाने पुन्हा हाती येऊ शकतात. नाव शोधले आणि आजोबांचा परिच्छेद समोर आला, याचे मोल कोणत्या खात्यात धरावयाचे?

मात्र हा मजकूर कोणाच्या हवाली करावयाचा, याचा विचार आधी व्हावा. स्निपिंग टूल आणि अ‍ॅपलचे साधन हे काम त्याच यंत्रावर करतात. गूगल ड्राईव्हमध्ये कागद कंपनीच्या संगणकावर जातो. आणि 'फुकट रूपांतर करून मिळेल' असे सांगणारी जी असंख्य अनोळखी संकेतस्थळे आहेत, तेथे तो कोणाकडे जातो हे पाहण्याचा मार्गच नसतो. जुन्या स्मरणिकेचे पान कोठेही गेले तर बिघडत नाही. आधार, पॅन, बँकेचे पासबुक, देणगीदारांचे पत्ते, वैद्यकीय मदतीसाठी आलेले अर्ज ही कागदपत्रे अशा संकेतस्थळांवर मुळीच चढवू नयेत. मदत मागणाऱ्या कुटुंबाने आपली अडचण विश्वस्तांना सांगितलेली असते, जगाला नव्हे.

हस्ताक्षराचे काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. सुटे, टपोरे हस्ताक्षर आता बऱ्यापैकी वाचले जाते. घाईचे, जोडून लिहिलेले मराठी हस्ताक्षर मात्र अद्याप भरवशाचे नाही. मोडीचा प्रश्न त्याहून बिकट आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातील व्यवहार मोडीत होत असत, म्हणून जुन्या घरांतून मोडी खतपत्रे आणि वह्या निघतात. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली. संगणकात अंगभूत असलेली साधने मोडी वाचत नाहीत. त्यासाठी मोडी जाणणारा माणूसच गाठावा लागतो, आणि अशी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत.

पोथ्यांच्या बाबतीत अडचण निराळीच आहे. जुन्या जैन पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नसे. शिवाय 'के' लिहिताना मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या रेघेने दाखवीत. तिला पडिमात्रा म्हणतात. आजचे साधन त्या रेघेला मागील अक्षराचा काना समजते आणि एका चुकीतून दोन अक्षरे बिघडतात. आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी (१८९५–१९७१) यांनी १९५० च्या सुमारास जैसलमेरच्या भांडारात राहून तेथील ताडपत्रे आणि पोथ्या यांची व्यवस्था लावली आणि त्यांपैकी अनेकांची मायक्रोफिल्म करविली. म्हणजे छायाचित्रे तेव्हाच सिद्ध झाली. ती चित्रे वाचून शुद्ध पाठ ठरविण्याचे काम आजही वाचकाच्या डोळ्यांवर आणि लिपीच्या अभ्यासावरच अवलंबून आहे. ज्या घरांतून वडीलधारी मंडळी पोथीचे वळण वाचू शकतात, त्यांनी चार-दोन पाने वाचून, ती आधुनिक देवनागरीत लिहून, मूळ पानाच्या छायाचित्राशेजारी ठेवली तरी ते काम वाया जाणार नाही. यंत्राला शिकवावयाचे झाल्यास अशाच जोड्या लागतात: एका बाजूस चित्र, दुसऱ्या बाजूस माणसाने खात्रीने वाचलेला पाठ.

व्यासपीठाच्या डाव्या हातास संगणक आणि स्कॅनर मांडून ठेवला आहे. ज्यांनी जुन्या पावत्या, पत्रे किंवा स्मरणिका सोबत आणल्या असतील, त्यांनी अल्पोपाहारानंतर तेथे यावे. प्रत्येकाचे एकेक पान वाचून दाखविण्यात येईल. मूळ कागद तपासून झाल्यावर तेथेच परत घ्यावेत, ही नम्र विनंती.